झाकलेला तितर

१

आमच्या घरात सगळ्यांत आधी शेठ उठतो, त्याच्यामागून मी. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे तिसरा नंबर कोणाचा यावर भांडण नाही.

शेठ म्हणजे तितर. आमच्या यजमानांचा, रतिलालांचा. त्यांना जाऊन तिसरं वर्ष लागलं, पण पडवीत त्यांच्याच खुंटीला पिंजरा टांगलेला असतो आणि शेठ त्यांच्याच तोऱ्यात मान वर करून ओरडतो. तितर पाळणं आता गुन्हा आहे, असं तळोद्याच्या बाजारात मला दोघातिघांनी ऐकवलंय. मी म्हटलं, घेऊन जा आणि त्याचे नखरे सांभाळून दाखवा. अजून कोणी आलेलं नाही.

घर गावापासून लांब, शेतातच आहे. मागे थोडी केळी, तिच्यापलीकडे तापी. समोर ओटा, आणि ओट्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत सरळ गाडरस्ता. दोन्ही अंगांना ऊस. पावसाळा सरत आला की ऊस डोक्याच्या वर जातो, शेजारची घरं दिसेनाशी होतात आणि जग म्हणजे गाडरस्त्याची तेवढी एक फट उरते.

यजमान तरुणपणी तितर धरायचे. पाळलेल्या तितराचा पिंजरा बांधावर ठेवायचा आणि भोवती फासे मांडायचे. आतला बोलायला लागला की रानातले नर भांडायला धावत येत आणि फाशात पाय अडकवून घेत. मादी हवी असेल तर रीत वेगळी. काही दिवस त्याला पोटभर बोलू द्यायचं आणि मग एकदम पिंजऱ्यावर काळं फडकं टाकायचं.

"बोलनारा तितर नराले बोलावस, गप ऱ्हायनारा मादीले," ते सांगायचे. "रोज बोलस तो आज गप काबरं, हाई देखाले ती येस."

"मंग तुमीन एकदाव गप बठी देखा, कोन येस ते," मी म्हणायचे. बोलण्याची त्यांना फार हौस. शेवटी गप बसले ते कायमचेच.

आता शेठ कोणाला धरत नाही, नुसता बोलतो. फटफटलं की त्याचं "क-ती-तर, क-ती-तर" सुरू होतं आणि बांधाबांधावरून उत्तरं येतात. नदीकडच्या गवतातून चित्तूर बोलतो. तो तितराचा चुलतभाऊ म्हणा, अंगावर पांढरे ठिपके, पण गळा निराळा. गंजलेली कडी ओढावी तसा "चिक्-चिक्-करर्र" आवाज. सांजेला पुन्हा सगळ्यांची हजेरी. मी चहा घेऊन ओट्यावर बसते आणि कोण कोण बोललं ते ऐकते. माझ्याशी तरी दुसरं कोण बोलणार?

पोळा होऊन गेला होता. अशाच एका सांजेला शेठ बोलला आणि समोरच्या उसातून उत्तर आलं. सुरुवात तितराची होती, शेवट चित्तुराचा. मधे कुठे सांधा नव्हता, एकाच गळ्यातून निघालेली हाक होती.

यात घाबरण्यासारखं काही नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण हाक येण्याआधी मला श्वास ऐकू आला. कोणीतरी छाती भरून घेतल्यासारखा. पाखरू ओरडण्याआधी श्वास घेत असेलच, पण तो गाडरस्त्याच्या पलीकडून माणसाला ऐकू येत नाही.

प्रमिलाबाई, वारा आहे, मी स्वतःला म्हटलं. उसाची पानं घासली. मी उरलेला चहा प्यायले, तो निवून गेला होता.

२

त्याच आठवड्यात जागृती आली. पक्ष्यांचा अभ्यास करणारी मुलगी, तळोद्याला खोली घेऊन राहायची आणि गाडीवरून रानोमाळ भटकायची. तिने पिंजऱ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि दोघींनी तो विषय सोडून दिला. तिने ओट्यावर आवाज टिपायचं यंत्र मांडलं.

शेठ बोलला. थोड्या वेळाने बांधावर एक पाखरू आलं. गळा तितरासारखा पिवळट, पोटावर ठिपके चित्तुराचे. मान ताणून ते ओरडलं, अर्धी हाक याची, अर्धी त्याची. जागृतीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"मिश्र आहे, काकू! तितर आणि चित्तूर, दोघांचं पिल्लू."

"असं होतं?"

"जवळच्या जातींत कधी कधी होतं. आपल्या जातीचं कोणी उरलेलं नसतं, मग पाखरू जवळचं कोणीतरी बघतं. एकटं राहण्यापेक्षा."

"बरं आहे, पाखरांना तेवढी तरी सोय आहे," मी म्हटलं. "आणि या पिलाला पुढे कोण विचारतं?"

"बहुतेक कोणीच नाही. त्याची हाक तितरालाही परकी वाटते आणि चित्तुरालाही."

मला त्या पाखराची दया आली. ते बिचारं परत परत ओरडत होतं आणि शेठ त्याच्याकडे पाठ करून दाणे टिपत होता.

मग तिने टिपलेला आवाज मला ऐकवला. पाखराची हाक, पुन्हा पाखराची हाक. त्यानंतर श्वास. लांब, खोल. आणि मग तीच हाक, पण खालच्या पट्टीत आणि सावकाश. ती आली तेव्हा पाखराची चोच मिटलेली होती, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं.

"हा दुसरा असेल, उसात बसलेला. याचाच भाऊबंद," जागृती म्हणाली.

"आणि श्वास?"

"तो तुमचाच असणार. तुम्ही यंत्राला खेटून बसला होता." ती हसली. मीही हसले. शिकलेली पोर आहे, तिला कळत असेल.

जाताना तिने पडवीतल्या दोरीवर वाळत घातलेली दुपटी पाहिली. "कोणाचं बाळ?"

"यायचंय अजून," मी म्हटलं, आणि मग मला कोण थांबवणार. काजल माझी एकुलती एक. लग्नानंतर फार वर्षांनी, चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात झालेली. आता सुरतेला असते आणि तिला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. सुरतेहून नंदुरबारपर्यंत गाडी, तिथून रिक्षा, आणि मग तीन-चार महिने हे घर घरासारखं वाजणार. मी डिंक आणून ठेवला होता. गाद्यांतला कापूस पिंजून घेतला होता. माझी जुनी निळी साडी, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली, लंगोटांसाठी बाजूला काढली होती. हे सगळं मी त्या मुलीला गाडी सुरू होईपर्यंत सांगत राहिले, आणि गाडी सुरू झाल्यावरही थोडं सांगितलं.

३

मग आमशा गेला. आमशा आमचा सालदार, अक्कलकुव्याकडच्या डोंगरातला. विहिरीपाशी त्याची झोपडी. साल आखाजीपर्यंतचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतचं होतं, पण एका सकाळी तो बोचकं बांधूनच ओट्यापाशी उभा राहिला.

"बाई, मी चालनू. मायले बरं नही."

त्याची माय त्याच्या लग्नाआधीच वारली होती, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

"काय व्हयनं, आमशा? बिबट्या शे का उसमा?"

"बिबट्या ऱ्हाता ते कुत्रा भुकता," तो म्हणाला. शेताची राखण करणारा आमचा कुत्रा आठवडाभर पडवीतल्या पोत्यांमागे तोंड घालून पडला होता. मी म्हातारपण समजत होते. जाताना आमशा उसाकडे बघत एवढंच म्हणाला, "तठीन हाक उनी ते जबाब देऊ नका, बाई."

तो गेला आणि घर खायला उठलं. दिवसाला आवाज म्हणजे पंपाचा, भांड्यांचा, आणि उसाच्या पानांची ती न संपणारी सळसळ. टीव्ही लावला तर त्यातली माणसं एकमेकांशी बोलत, माझ्याशी नाही.

शेठची पिसं झडायला लागली, तसा तो रुसून बसला आणि बोलेना. त्या सांजेला उसातून हाक आली. श्वास, मग हाक. शेठ गप. पुन्हा श्वास, पुन्हा हाक. कोणी कोणाला इतकं बोलवावं आणि कोणी उत्तर देऊ नये, हे मला बघवेना. यजमान करायचे तशी मी तोंडाभोवती ओंजळ धरली आणि ओरडले, "क-ती-तर!"

ऊस एकदम थांबला. वारा होता, पण पानं वाजेनात. मग श्वास आला, आधीपेक्षा जवळून, आणि त्यामागून उत्तर.

खरं सांगते, मला बरं वाटलं. कोणीतरी माझ्याशी बोललं होतं.

दुसऱ्या दिवशीपासून उंबऱ्याशी जिन्नस सापडू लागले. आधी वाळवीचे किडे, ओले. मग ज्वारीचे दाणे, छोटी रास करून. नर तितर मादीला असाच चारा दाखवून बोलावतो, ते मी शंभरदा पाहिलंय. उंदीर असतील, मी म्हटलं, आणि झाडून टाकलं. मग भुईमुगाचे दाणे आले, टरफलं काढलेले. खारी, मी म्हटलं. मग एके दिवशी उसाचे तुकडे. सोललेले, सारख्या लांबीचे, एकावर एक रचलेले. माकडं ऊस सोलतात, पण सोललेला ऊस माकड स्वतः खातं, दुसऱ्याच्या उंबऱ्यात मांडून ठेवत नाही.

मी तुकडा उचलून पाहिला. साल दातांनी ओढली होती. दात बारीक होते आणि पुष्कळ होते.

काजलला दिवस गेले तेव्हा ती आखाजीला आली होती. तिला ऊस खायचे डोहाळे लागले होते. मी याच ओट्यावर बसून तिला असेच तुकडे करून दिले होते.

४

फोनला रेंज फक्त ओट्याच्या कडेला, पायरीपाशी मिळते. रोज सांजेला मी तिथे उभी राहून काजलशी बोलते. मला फोनवर हळू बोलता येत नाही. सुरतेला ऐकू जायचं म्हणजे ओरडायलाच हवं, असं माझं गणित.

"माय, जेवनी का?"

"जेवनी वं. तू कवय येस?"

"पितर सरू दे, मंग ईसू. नवनीत नंदुरबारलगून सोडी दी." नवनीत म्हणजे जावई.

"ये वं माय, लवकर ये. घर खावाले उठस."

मी तिला रोज शेवटी तेच म्हणायचे, "ये वं," असं लांबवून. आणि एका सांजेला फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी बोलत असते तेवढा वेळ उसाचं एक पानही हलत नाही. मी पायरीवरच थांबले. श्वास आला. मग हाक. सुरुवात तितराची, मधला भाग चित्तुराचा, आणि शेवटाला एक हेल, वर चढत जाणारा. शब्द नव्हते. पण तो हेल माझा होता. माझ्या आईचा, मग माझा. या पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाचा नाही.

कान वाजतात तुमचे, प्रमिलाबाई, मी म्हटलं. माणूस एकटं राहिलं की भांड्यांतही गाणी ऐकतं.

दुसऱ्या दिवशी दोरीवर वाळत घातलेली निळी साडी नव्हती. कापसाचं गाठोडंही अर्धं झालं होतं. चोर असता तर त्याने पितळी हंडा नेला असता.

भर दुपारी सरी फुटून पाणी गाडरस्त्यावर आलं, म्हणून मी फावडं घेऊन उसात शिरले. आमशा नव्हता, दुसरं कोण जाणार? आत गारवा होता आणि हिरवा अंधार. पाण्याच्या कडेकडेने गेले आणि एका ठिकाणी ऊस संपला. म्हणजे तोडलेला नव्हता. वाकवून, चहूकडून आत दाबून, गोल बसवलेला होता. तितर जमिनीवर असाच खळगा करतो, गवत दाबून, ओंजळीएवढा. हा आमच्या बाजेएवढा होता. आत कापूस अंथरला होता, हाताने थापून सारखा केलेला. एका बाजूला उसाच्या सोललेल्या तुकड्यांची रास. मधोमध दबलेलं होतं. मी हात लावला तर कापूस गरम लागला.

मी फावडं तिथेच टाकून आले.

ओट्यावर येऊन बसले तेव्हा शेठ पिंजऱ्यात दाणे टिपत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. पाळलेल्या तितराला कोणी मारत नाही. त्याला रोज दाणापाणी मिळतं, किडे मिळतात, जे मागेल ते मिळतं. त्याने फक्त हाक मारत राहायचं असतं.

मला काही होणार नव्हतं. माझं काम काजलला बोलावण्याचं होतं, आणि ते मी रोज पायरीवर उभी राहून मोठ्याने करत होते.

५

"काजल, तू येवू नको आते."

"काबरं? मी बॅग भरी ठेवी!"

"तठेच कर बाळंतपण. तुन्ही सासू शे ना."

 तिचा आवाज बारीक झाला. "माय, तुले मी जड व्हयनी का?"

जिच्यासाठी मी दिवस मोजत बसले होते, ती मला हे विचारत होती.  पण काय सांगणार? उसात खोपा आहे म्हणून? ती त्याच पावली निघाली असती, मला डॉक्टरकडे न्यायला.

"माले आते व्हत नही तुन्हं," मी म्हटलं. "वय व्हयनं मन्हं." आणि ती रडायच्या आत फोन बंद केला. बंद म्हणजे पुरताच बंद केला. तिचा फोन आला असता तर मी उचलला असता, आणि उचलला असता तर बोलले असते.

मग मी घराचा आवाज काढून घेतला. पंप बंद, टीव्ही बंद, मिक्सर नाही, पाटा नाही. खिडक्यांना चादरी बांधल्या. शेठची नवी पिसं येऊ लागली होती, तो केव्हा बोलेल याचा नेम नव्हता, म्हणून पेटीतलं काळं फडकं काढून पिंजऱ्यावर टाकलं. यजमानांचंच फडकं. त्याला अजून त्यांच्या तंबाखूचा वास होता.

तोंडातून शब्द काढायचा नाही, असं ठरवलं. देवापुढे दिवा लावताना ओठसुद्धा हलवले नाहीत. पहिल्या सांजेला उसातून हाक आली, पुन्हा पुन्हा आली, अगदी पायरीपर्यंत आली. मी दाराला पाठ लावून आत बसले होते. फळीच्या पलीकडे श्वास घेतला जाई, आणि मी माझा धरून ठेवायचे. त्यानंतर हाक विरळ झाली, मग नाहीच. उंबऱ्याशी दाणेही पडेनात.

जिंकले, मला वाटलं. मालाला गिऱ्हाईक नसलं की दुकान बंद होतं. सुतक असल्यासारखी मी या खोलीतून त्या खोलीत फिरायचे, चटणी-भाकरी खायचे, दुपट्यांच्या घड्या करून पुन्हा उलगडायचे. काजलची आठवण यायची तेव्हा तोंडात पदर कोंबायचे. आपल्या पोरीला दुखावून वाचवलं, वाचवलं तरी ना, असं मनाशी म्हणायचे.

यजमानांची ती रीत मला त्या दिवसांत एकदाही आठवली नाही. फडकं टाकणारा हात माझा होता, तरी आठवली नाही.

६

उन्हं कलली होती. मी ताटात तांदूळ निवडत होते आणि लांब रस्त्यावर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मग ती वळून गेल्याचा. आणि मग, इतक्या दिवसांच्या शांततेत, आरशासारखी लख्ख हाक.

"माय! ओ माय!"

माझ्या हातून ताट पडलं.

"फोन काबरं बंद शे तुन्हा? मन्हा जीव टांगनीले लागना व्हता!"

रोज बोलणारी आज गप का, हे बघायला ती आली होती. तेव्हा ते वाक्य मला आठवलं, त्यांच्या आवाजात, जसंच्या तसं. मी पिंजऱ्याकडे पाहिलं. काळ्या फडक्याखाली शेठ खुडखुड करत होता.

दाराची कडी मला निघेना. निघाली तेव्हा काजल गाडरस्त्याच्या मध्यावर आली होती. एका हातात पिशवी, दुसरा हात कमरेवर, पोट सांभाळत पाय फाकवून चालणारी माझी पोर. चेहरा भरला होता. किती सुंदर दिसत होती, हे मला त्याही वेळी दिसलं.

ती थांबली. अजून तिने घराकडे पाहिलं नव्हतं. ती बाजूच्या उसाकडे बघत होती, आणि हसली.

"माय! तू उसमा काय करी ऱ्हायनी?"

उसाच्या पहिल्या ओळीमागे निळं दिसत होतं. माझी साडी. माझ्याच उंचीवर, डोक्यावरून पदर घेतलेली. पदराखाली मान एका बाजूला कलली होती, शेठ दाणा दिसल्यावर कलवतो तशी. चेहरा मला दिसला नाही. काजलला दिसत होता, आणि ती त्याच्याकडे बघून हसत होती.

"काजल!" मी ओरडले.

पण इतके दिवस न वापरलेला गळा होता तो. त्यातून नुसती खरखर निघाली, कडी ओढल्यासारखी. ती मला स्वतःचीही वाटली नाही. काजल दचकून वळली. ओट्यावर उभी असलेली, केस विस्कटलेली, वाळलेली बाई तिने पाहिली. मग पुन्हा उसाकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे. ती घाबरली होती, आणि घाबरलं लेकरू आईकडे धावतं. तिच्या दोन्ही बाजूंना आई होती.

मी पायऱ्या उतरले. पुन्हा हाक मारायला मी तोंड उघडलं, आणि त्याआधी उसाने श्वास घेतला.

"ये वंऽऽ."

किती मायेची हाक होती. मी फोनवर मारायचे तशीच, हेल वर चढवत, पण माझ्यापेक्षा गोड. काजलच्या हातातली पिशवी गळाली. तिने चपला काढल्या, घरात शिरताना काढतो तशा, आणि ती उसात गेली.

मी धावले. मी धावले हे मला नक्की आठवतं.

७

पिशवी आणि चपला तेवढ्या सापडल्या. चपला एकमेकींना लावून नीट ठेवलेल्या होत्या. नवनीत आला, गावातली माणसं आली, पोलीस आले, ऊस पिंजून काढला. मी खोपा दाखवायला घेऊन गेले, तर तिथे ऊस सरळ उभा होता. माझं फावडं मात्र पडलेलं मिळालं. सगळे म्हणाले, बिबट्या. बकरी बांधून पिंजरा लावला. कोणी तिला हात लावला नाही, ती पाला खाऊन चांगली जाड झाली. नवनीत रोज रडायचा, मग अधूनमधून यायला लागला, मग येईना. त्याला मी सांगितलं ते त्याने ऐकून घेतलं आणि मला पाणी आणून दिलं.

जागृतीही एकदा येऊन गेली. पोर ओट्यावर बसून रडली. यंत्र तिने बॅगेतून काढलंच नाही.

ऊसतोडीची टोळी दोनदा परत पाठवली. गावात म्हणतात, म्हातारीचं डोकं फिरलं, उभा ऊस वाळवते. वाळू दे. तो तोडला तर माझी पोर कुठे राहील?

शेठवरचं फडकं मी काढून टाकलंय. मी सकाळ-संध्याकाळ ओट्यावर बसते. ऊस सोलते, तुकडे करते, पायरीवर रचून ठेवते. सकाळी ते नसतात. हाक मारली की उत्तर येतं, एक जुनं ओळखीचं, आणि थोडं मागून दुसरं, ज्यात काजलचा गळा आहे असं मला वाटतं. ती काही सांगत नाही. नुसती आहे म्हणून कळवते.

या आठवड्यात त्यांच्यात तिसरी हाक आली. बारीक, अजून न जमणारी, मधेच तुटणारी. त्या हाकेआधीही श्वास असतो, चिमणीएवढा. जागृती म्हणाली होती, अशा पिलाची हाक दोन्हीकडच्यांना परकी वाटते, त्याला कोणी उत्तर देत नाही.

शेठ देत नाही, मान फिरवून बसतो. मी देते.